कोर्टातलं दळण, खड्यासगट

रायपूरच्या कोर्टात बहिऱ्या लोकायसाठी जे पोट्टे-पोट्ट्या दुभाष्याचं काम करते, त्यातल्या अर्ध्या लोकायले म्या तयार केलं. उरलेल्या अर्ध्या लोकायचं काम चांगलं आहे.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक वहिनी घरी आल्या, म्हणे, "बबनभाऊ, तुमच्या कामावर लिहा." म्हटलं, "वहिनी, मी सातवी नापास. तेही दोनदा." म्हणे, "जसं बोलता तसं लिहा, काना-मात्रा मी पाहून घेईन." तर काना-मात्रा चुकल्या असतीन तर ते वहिनीचं. बाकी जे चुकलं ते माहं, अन् बाकीचंच जास्त आहे.

माहा खरा धंदा आटाचक्कीचा. रायपुरातच, तात्यापारा मोहल्ल्यात गिरणी आहे. माहे बाबा अन् आई, दोघंही जन्माचे बहिरे. बाबा वर्धेकडून इकडे आले ते छापखान्यात खिळे जुळवाले. मशीनच्या धडधडीचा त्यायले कायचा त्रास! मालक खुश होता. मले मात्र चांगलं ऐकू येये. बोलाच्या आधी मी हाताचे इशारे शिकलो. शाळेत मास्तर काही विचारत, मी हातानं उत्तर देओ. मास्तर बी मंग हातानंच देत.

आईबाबाचं तोंड म्हणजे मी. किराणा दुकान, दवाखाना, घरमालक, सगळीकडे मीच बोलाचो. एक डाव घरमालक दारात येऊन बाबाले लय वाईट बोलला, आईवरून शिवी देल्ली. बाबानं मले इशाऱ्यानं विचारलं, काय म्हणते? मी आठ वर्षाचा पोट्टा. म्या सांगतलं, "तुमची तब्येत विचारून राहिला." बाबानं हात जोडले, हसले, अन् त्याले आत बसवून चहा पाजला. घरमालक चहा पेला, पण कपातून एकदाही वर पाह्यलं नाही त्यानं. त्या दिवसापासून मले वाटलं, आपण लय हुशार. मधातला माणूस चांगला असला की भांडण होतच नाही! हे डोक्यात असं बसलं की पन्नाशीपर्यंत निघालं नाही.

कोर्टात मी कसा गेलो ते सांगतो. एका बहिऱ्या माणसाची साक्ष होती, शहरात कोणी दुभाष्या भेटेना. एका वकिलाच्या घरचं दळण माह्याकडे येये. त्याले आठवलं, गिरणीवाला बबन हातानं बोलते. गिरणीच्या आवाजात तसंही सगळेच हातानं बोलते, पण त्यानं मलेच नेलं. मी गिरणीतून उठून तसाच गेलो. शर्ट पांढरा, हात पिठानं पांढरे, पाठीमागची भिंत चुन्याची. शपथ घेतली, जोरात इशारे चालू केले. साक्षीदार माह्याकडे पाहून राहिला, पाहून राहिला, अन् मंग त्यानं इशारा केला, "तुहे हात कुठं आहे?"

तेव्हापासून माह्या शिकवणीचा पयला धडा: गडद रंगाचा कपडा. अंगठी नाही, मेंदी नाही, चमकणारं घड्याळ नाही. हात हेच आपलं तोंड, अन् तोंडावर दागिने लटकवून कोणी बोलत नाही.

पुढं मले दर चार-सहा महिन्यानं बोलावणं येऊ लागलं. बहिऱ्या लोकायची इथं एक संस्था आहे, ते लोकं म्हणे, बबनभैया, तुम्ही एकटे कुठंकुठं पुरान, नव्या पोरायले शिकवा. पोरं डिप्लोमावाली. व्याकरणाचं पुस्तक, मोबाईलात व्हिडिओ, सगळं त्यायच्यापाशी. पण डिप्लोम्यात कोर्ट नसते, अन् कोर्टात डिप्लोमा कोणी विचारत नाही. दर रविवारी गिरणी बंद ठेवून आम्ही वर्ग भरवाचो. गव्हाची पोती म्हणजे कठघरा. वजनकाट्याच्या टेबलावर जज. जज मीच व्हाचो, कारण खुर्ची एकच होती.

बाहेरच्या माणसाले वाटते, यात काय शिकवाचं, त्यानं हात हलवले की आपण तोंड हलवाचं. तसं नाही ना बाप्पा. पयली गोष्ट, "वो बोल रहा है कि" असं म्हणाचं नाही. "मी" म्हणाचं. त्यानं सांगतलं मी चोरी नाही केली, तर आपणही म्हणाचं, मैंने चोरी नहीं की. पयल्यांदा म्या हे भर कोर्टात म्हटलं तर दारातला शिपाई माह्याकडे असा पाहे, जसं काही चोरीचा आळ माह्यावरच आहे. दुसरी गोष्ट, बहिरा माणूस बोलणाऱ्याकडे पाहून मान हलवते. त्याचा अर्थ "हो" नाही. त्याचा अर्थ, पाहून राहिलो, पुढं बोल. त्या मानेले "हो" म्हणून कागदावर चढवलं की माणूस आत गेलाच समजा. तिसरी, कोणाच्याच वकिलाचा चहा प्याचा नाही. हा नियम मले लय जड गेला.

अन् सगळ्यायच्या वर चौथी गोष्ट. जे बोललं ते सगळं बोलाचं. शिवी असली तर शिवी. मूर्खपणा असला तर मूर्खपणा. हे समजवाले मी गिरणीचंच उदाहरण देओ. म्हणो, "पोरंहो, गिऱ्हाईक दळण आणते. निवडणं, पाखडणं त्याचं काम. आपण वरून ओताचं, खालून द्याचं. खडा असला तर खड्यासगट. आपण आपल्या मनानं दोन दाणे बी काढाचे नाही अन् टाकाचे बी नाही." पोरं वहीत लिहून घेत. मले वाटे, वा बबन, काय शिकवतं!

त्या पोरायमधी एक होती अर्पिता. चौबे कॉलोनीतली. आईवडील आपल्यातले, विदर्भातलेच, पण पोट्टीले मराठीत विचारा, उत्तर हिंदीत देईन. बारीकशी, चष्मा, आवाज असा सपाट की शिवीही रेल्वेच्या घोषणेसारखी वाटे. मी जोश्यात शिकवो, ती शेवटी एकच प्रश्न विचारे अन् माही हवा निघे. मले ती फारशी आवडत नव्हती, खरं सांगतो.

आता दुकालूची गोष्ट.

दुकालू नवा रायपूरकडे एका इमारतीवर रेजा-कुलीच्या, म्हणजे मजुरीच्या कामाले होता. जन्माचा बहिरा, शाळेचं तोंड नाही पाह्यलं. त्याचे इशारे त्याचेच, घरात बनलेले. त्याची बहीण फुलमत, तिले ऐकू येते, तीही तिथंच विटा वाहे. एक दिवस तिथला ठेकेदार डोकं फुटून पडला, मरता मरता वाचला. शुद्धीवर आला अन् म्हणे, दुकालूनं फावड्यानं मारलं. जीव घ्याच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला. जमानत घ्याले कोणी नाही. दुकालू जेलात, अन् फुलमत दर तारखेले कोर्टाच्या पायरीवर. केस साबित झाली असती तर जवानी आतच गेली असती त्याची.

दुभाष्या मी. त्याचे इशारे समजाले मले दोन तारखा लागल्या. पोट पुढं काढून पिचकारी मारली की ठेकेदार. नाकात फुली घालते त्या जागी बोट ठेवलं की बहीण. मी गिरणीत येऊन बायकोले सांगो, "हे काम डिप्लोमावाल्याच्या बापाच्यानं नाही होत." बायको म्हणे, "अगोदर त्या मिश्राइनचं दळण द्या, सकाळपासून उभी आहे."

पुरावा झाला की जज आरोपीले स्वतः विचारते, तुले काय सांगाचं आहे? तो दिवस आला. बहिऱ्या माणसाचं बोलणं कागदावर उतरत नाही म्हणून व्हिडिओ चालू होता. जज मॅडमनं विचारलं, त्या दिवशी काय झालं?

दुकालूनं सांगतलं. ठेकेदार बहिणीचे केस धरून ओढून राहिला होता. मी फावडा घेतला, मधात गेलो. तो मागं सरकला, विटायच्या ढिगावर पडला.

म्या फावड्याचा इशारा पाह्यला. म्हटलं, अरे येड्या, फावडा कायले सांगतं? फावडा म्हटलं की संपलं! आठ वर्षाचा बबन्या उठून उभा राहिला माह्या आत. अन् म्या मोठ्या आवाजात सांगतलं, "मैं बीच में गया, मैडम. मेरे हाथ खाली थे."

सफाईदार काम. कोणाले पत्ता नाही.

मंग बचावाकडून फुलमतची साक्ष झाली. ती बिचारी आपल्या छत्तीसगढीत गंगेसारखी साफ बोलली. "भाई ह फावड़ा ला आड़ा धरे रिहिस, साहेब. मारिस नहीं." म्हणजे भावानं फावडा आडवा धरला होता, मारला नाही. सरकारी वकील खुर्चीतून असा उठला जसं त्याच्या खाली कोणी पेटवलं. "मैडम, भाई कहता है हाथ खाली थे. बहन कहती है फावड़ा था. दोनों में से एक तो झूठ बोल रहा है!"

दोघंही खरे होते. खोटा तिसरा होता, अन् तो कोर्टाच्या पंख्याखाली बसला होता.

फुलमतनं माह्याकडे पाह्यलं. तिले वाटलं मी काही बोलीन. मी माह्या बुटाकडे पाहून राहिलो. पुढची तारीख पडली.

आता कोणी शहाणा माणूस असता तर गपचूप बसला असता. मी रविवारी वर्गात हीच गोष्ट सांगाले बसलो, अन् कशी, तर फुशारकीनं! सरकारी वकील कसा चावट, फुलमत कशी भोळी, तिनं फावड्याचं नाव काढून माही सगळी मेहनत मातीत घातली. पोरं मान हलवून राहिले. अर्पिता चष्मा पुसून राहिली होती.

"काका, उसने फावड़ा बोला था क्या?"

"कोणं?"

"दुकालू ने."

"बोलला असंन. त्याले काय समजते कोर्टातलं."

"और आपने क्या बोला?"

गिरणी बंद होती. चालू असती तर बरं झालं असतं.

म्या म्हटलं, "हे पाह्य बाई, तू पुस्तकातून शिकली. मी आईच्या मांडीवर शिकलो. कुठं काय सांगाचं, मले समजते."

ती म्हणे, "काका, आपने उसका कंकड़ निकाल दिया. अब उसकी बहन झूठी हो गई."

वहीत ज्या पानावर माहं खड्याचं सांगणं लिहिलं होतं, ते पान तिनं उघडून पोत्यावर ठेवलं. मले वाचता येते, एवढी सातवी तर झाली आहे.

"मैडम को आप बताओगे," म्हणे, "या मैं बताऊं?"

चार दिवस मी तिच्यावर चिडलेला होतो. भीती होती ना. कोर्टाचं बोलावणं बंद होईन, संस्थेतले लोकं काय म्हणतीन, मोहल्ल्यातले हसतीन. अन् शपथ घेऊन खोटं बोललो म्हणून मलेच आत टाकलं तर? बायकोले सांगतलं. ती शांतपणे पीठ चाळत म्हणे, "जेलात गेले तर तिथं गिरणी आहे का नाही विचारून घेजा." तेवढ्यानं हिंमत आली का संपली, अजून समजलं नाही, पण तारखेले मी गेलो. अर्पिताले संग नेलं.

दुकालूच्या वकिलाले आधी सांगतलं. त्यानं कपाळावर हात मारला अन् मॅडमसमोर अर्ज ठेवला. मी उभा राहिलो. आयुष्यभर दुसऱ्याचं बोललो, आता स्वतःचं बोलाची पाळी होती. म्हटलं, "मैडम, आरोपी ने फावड़ा बोला था. खाली हाथ मैं बोला. वो मेरा शब्द है, उसका नहीं."

मॅडमनं चष्म्यावरून पाह्यलं. "शपथ ली थी आपने?"

"ली थी."

"फिर?"

"भला करने गया था, मैडम."

"भला करना वकील का काम है. फैसला करना मेरा. आपका क्या काम है?"

पोरायले दर रविवारी सांगतो तेच उत्तर होतं.

सरकारी वकिलानं लय आरडाओरड केली. म्हणे हा डाव आहे, बचाव गोष्ट बदलवून राहिला. तेव्हा व्हिडिओ कामी आला. पडद्यावर दुकालू फावडा धरून उभा, साफ दिसे, अन् बाजूले माहा आवाज, हाथ खाली थे. माहाच आवाज मले ओळखू येईना. मॅडम लय रागावल्या, पुन्हा असं झालं तर सोडणार नाही म्हणे, सगळं कागदावर लिहून घेतलं. मंग अर्पिताले शपथ देल्ली अन् दुकालूले पुन्हा विचारलं.

म्या मनात म्हटलं, पोट्टीले दुकालूचे इशारे येते कुठं? तिनं आधी परवानगी मागून त्याच्याशी पाच-दहा मिनिट ओळख करून घेतली, घर कुठं, जेवला का, बहीण कोणती. तिनं पुस्तकातला एक इशारा केला, दुकालू नुसता पाहे. मी खुर्चीतून अर्धा उठलो, सांगाले. अर्पितानं माह्याकडे न पाहता टेबलाखाली हात नेला अन् इशारा केला, "बसा." मी बसलो. मंग तिनं आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून देल्ले अन् त्याले मोकळं सोडलं, तू दाखव. हे म्याच शिकवलं होतं. समोरच्याचा इशारा येत नसला तर आपले हात खाली ठेवा, पाहा. म्या स्वतः मात्र कधी हात खाली ठेवले नाही.

दुकालू बोलाले लागला. अर्पिता त्या सपाट आवाजात, एक एक:

"वो मेरी बहन के बाल खींच रहा था. मैंने फावड़ा उठाया. आड़ा पकड़ा, ऐसे. बीच में गया. मुझे गुस्सा था. मारने का मन हुआ."

मारने का मन हुआ! अरे पोरी, हे कायले सांगतं! हे तर म्या फावड्यासगट गिळलं असतं. सरकारी वकील हसला. पेन उघडलं.

दुकालूचे हात थांबले होते. अर्पिताही थांबली. तिनं घाई केली नाही. मंग दुकालूनं हातातला नसलेला फावडा खाली टाकला.

"मारा नहीं. वो पीछे हटा. ईंट पर गिरा. मैंने फावड़ा फेंका और उसका सिर पकड़ा. खून बहुत था. मैं डर गया."

मॅडमनं पेन खाली ठेवलं. डॉक्टरचा कागद पुन्हा काढून पाह्यला. मार डोक्याच्या मागच्या बाजूले होता, जखमेत विटाची भुकटी. फुलमत जे बोलली, तेच हा बोलला, अन् मारावं वाटलं हे बी ज्यानं लपवलं नाही त्याले खोटा कसा म्हणाचं? अजून दोन तारखा झाल्या अन् दुकालू सुटला. निकाल अर्पितानं सांगतला त्याले. तो हसला नाही. नाकावर फुलीच्या जागी बोट ठेवलं, म्हणजे बहीण कुठं आहे.

मी बाहेर पायरीवर येऊन रडलो. अर्पिता म्हणे, "काका, कोई देख लेगा." म्हटलं, "पाहू दे बाई, खड्यासगट."

आता ती नुसती या जिल्ह्यातच नाही, दुसऱ्या जिल्ह्याच्या कोर्टातबी जाते. तिच्या हाताखाली नवे पोरं शिकते, अन् मी त्यायले माहीच गोष्ट सांगतो, काय कराचं नाही ते दाखवाले. मास्तर म्हणून माहं एवढं मोठं नाव आहे की चुकीचं उदाहरण म्हणून दुसरा कोणी लागतच नाही. अभिमान वाटते, खोटं कायले बोलू. पोट्टी माह्या नियमानं चालली अन् तो नियम माह्यावरच चालवला. कोणत्या मास्तरच्या नशिबात असते हे?

पण एक गोष्ट खटकते. दुकालूच्या आधी कितीक वर्ष मी एकटाच होतो. कितीक लोकायचे खडे म्या काढले असतीन, भल्यासाठी. ते लोकं माह्याकडे भांडाले येणार नाही, कारण त्यायले माहीतच नाही. व्हिडिओ तेव्हा नव्हता. बाबाही गेले. घरमालक काय बोलला होता, ते म्या त्यायले कधी सांगतलं नाही. त्यायनं चहा पाजला होता त्याले.

दुकालू सुटल्यावर पंधरा-वीस दिवसानं फुलमतसंग गिरणीत आला. डोक्यावर गव्हाचं पोतं. अर्पिताही तिथंच होती, रविवारच्या वर्गाचं काही विचाराले आली होती. गिरणी चालू, कोणाचं कोणाले ऐकू येत नव्हतं, म्हणजे आमच्यासाठी एकदम बराबर. म्या त्याचं दळण सगळ्यायच्या आधी घेतलं. त्यानं पीठ चिमटीत धरलं, बोटानं चोळून पाह्यलं, खुश झाला. मंग माह्याकडे पाहून दोन-तीन इशारे केले.

म्या गिरणी बंद केली. बायको आतून आली, म्हणे, "का जी, काय म्हणून राहिला तो?"

म्हटलं, "म्हणते, पीठ लय चांगलं दळता तुम्ही."

अर्पितानं चष्मा वर सरकवला. माह्या बायकोले नीट समजावं म्हणून त्या दिवशी पयल्यांदा ती मराठीत बोलली.

"काकू, काकांनी अर्धंच सांगितलं. तो म्हणाला, पीठ तू चांगलं दळतोस, बोलायचं काम या पोरीला दे."